टेकडीमागचा परका

परक्या मुलखातल्या माणसाला आपल्याकडे परवान्याशिवाय कोणतं काम करता येतं, सांगाल?

मी ते तिसगावच्या बाजारात शिकलो. जात्यांना टाकी लावणारा एक म्हातारा तिथे दर बाजारी मोगलाईतून, म्हणजे निजामाच्या हद्दीतून येई. दगडाच्या कपच्या उडतात म्हणून तो एक डोळा मिटून घाव घाली आणि काम संपलं तरी तो उघडायचं विसरे. नव्या गिऱ्हाइकणीला वाटे, हा डोळा मारतोय.

मागच्या बाजारी शिपाई त्याच्यापुढे उभा राहिला. "परका हायेस. कामाचा परवाना दाखव."

"मालक, माझं गाव त्या टेकडीमागं हाय. माझी शेळी रोज हिकडं चरून जाती."

"शेळी काम करत न्हाई."

"मंग मी तरी कुठं करतो? काम जातं करतंय, मी नुसता त्याला मारतो. मारायला बी परवाना लागतो व्हय?"

बायका हसल्या. शिपायाने त्याची टाकी आणि हातोडा उचलून चावडीत नेला.

कायदा रास्तच आहे. सातासमुद्रापलीकडच्या साहेबाला परवाना लागत नाही, कारण तो काम करत नाही, राज्य करतो. आणि तेही तात्पुरतं, असं आपल्या आजोबांपासून ऐकतो आहोत.

म्हातारा हत्यारांवाचून घरी बसला आहे आणि त्याची चूल त्यांवरच पेटते. येत्या बाजारी चावडीत जा आणि ती मागा. एकटे मात्र जाऊ नका. एकट्याला चावडीवाले बसवून ठेवतात.