ओठांतल्या पिना

लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा माझी खात्रीच पटली होती की सासूबाईंना मी मुळीच आवडलेली नाही. मी काहीही सांगायला गेले की त्या नुसत्या 'हं' म्हणायच्या. तोंडात केसांच्या पिना धरलेल्या, दोन्ही हात समोरच्या बाईच्या डोक्यात, आणि नजर आरशात. माझं माहेर म्हणजे बोलघेवड्यांचं घर. आमच्याकडे एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू होतं. अशी मिठाची गुळणी धरलेली सासू माझ्याच वाट्याला कशी आली, म्हणून मी नवऱ्याचं डोकं खाल्लं होतं.

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे सासूबाईंचं केस कापायचं दुकान. एक वरखाली होणारी खुर्ची, भिंतभर आरसा, मान टेकायला खाच असलेलं बेसिन, आणि डोक्यावर टोपासारखा येणारा एक जुना ड्रायर. तो सुरू झाला की शेजारच्या माणसाचंही बोलणं ऐकू येत नाही. दुकानात येणाऱ्या बाया केस कापायला कमी आणि मन मोकळं करायला जास्त येतात. डोकं दुसऱ्याच्या हातात दिलं की आतलंही आपोआप बाहेर येतं, हे मला पुढे स्वतःवरूनच कळलं.

सासरे बस चालवायचे, आता निवृत्त आहेत. चेष्टा करण्याची एकही संधी ते सोडत नाहीत. एकदा जेवताना मला म्हणाले, "अगं, तुझ्या सासूला एके काळी चर्चमध्ये रेडिओ म्हणायचे."

"आईंना?" मी म्हटलं. "काहीतरीच."

"विचार तिलाच."

सासूबाई कपाळाला आठी न घालता म्हणाल्या, "खरं आहे. बस, सांगते. माझी गोष्ट आहे, ती मी सांगू शकते."

आमच्या चर्चमधल्या बायकांची बुधवारी दुपारी प्रार्थनासभा असते. प्रत्येकीने आपली विनंती सांगायची, मग सगळ्यांनी मिळून देवापुढे मांडायची, अशी पद्धत. पद्धत चांगलीच आहे. पण सासूबाईंच्या तोंडी पडली की विनंतीची बातमी व्हायची. "चुगली करणं पाप आहे हे मला ठाऊक होतं गं," त्या म्हणाल्या. "म्हणून मी चुगली करायचेच नाही. मी ओझं मांडायचे." अमक्या बहिणीच्या मुलाला सद्बुद्धी मिळावी, म्हणजे मुलाने काय दिवे लावले ते आलंच. तमक्या घरात शांती नांदावी, म्हणजे भांडण कशावरून पेटलं तेही ओघाने आलंच. सगळ्या बायकांचे डोळे मिटलेले असायचे, पण कान टवकारलेले.

गणिताच्या बाई सासूबाईंची लहानपणापासूनची मैत्रीण. शाळेत गणित शिकवायच्या म्हणून सगळे त्यांना अजून तसंच म्हणतात. दोघी चर्चच्या संडे स्कूलमध्ये एका बाकावर वाढल्या. पुढेही दर रविवारी शेजारी शेजारी बसायच्या आणि एकाच गीतपुस्तकात बघून गायच्या. एकदा बेसिनला मान टेकून केस धुवून घेताना बाईंनी डोळे न उघडता सांगितलं, की काखेत गाठ लागते आहे, तपासणी व्हायची आहे, आणि आईला हे कळता कामा नये. त्यांची आई म्हातारी होती, हृदयाची दुखणाईत. घरात त्या दोघीच.

आला बुधवार. सासूबाईंनी खरोखर कळवळून डोळे मिटले. "नाव घेत नाही," त्या म्हणाल्या, "पण आपल्यातली एक बहीण आहे, शाळेत गणित शिकवते, म्हाताऱ्या आईबरोबर राहते, कोपऱ्यावरचं हिरव्या दाराचं घर. तिला गाठ आली आहे." चर्चमधल्या बायकांत गणित शिकवणारी एकच होती, आणि हिरव्या दाराचं घरही एकच.

दुसऱ्याच दिवशी दोन प्रेमळ बाया फळं घेऊन त्या घरी गेल्या. बाई शाळेत होत्या. बायांनी आजींचा हात धरून सांगितलं की धीर सोडू नका. आजींनी विचारलं, कशाबद्दल? त्या संध्याकाळी आजींना दवाखान्यात न्यावं लागलं.

पुढे गाठ साधी निघाली. आजीही सुखरूप घरी आल्या. सासूबाईंचा जीव भांड्यात पडला, आणि त्यांना वाटलं की आता झालं गेलं विसरलं जाईल. फुलं घेऊन त्या हिरव्या दारापाशी गेल्या. "बघ, देवाने आपलं ऐकलं," असं म्हणाल्यासुद्धा.

बाईंनी फुलांना हात लावला नाही. "देवाला माझा पत्ता ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "तू तो कोणाला सांगत होतीस?"

दार बंद झालं.

सासूबाई तणतणत घरी आल्या. मी चांगल्यासाठीच केलं, प्रार्थना करायला सांगणं हा काय गुन्हा झाला, वगैरे. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ब्रेक लागत नसेल तर आम्ही गाडी डेपोतून बाहेर काढत नाही." त्यावर त्या दिवशी सासऱ्यांना जेवण मिळालं की नाही, याबद्दल दोघांचं आजही एकमत नाही.

रविवारी बाई वेगळ्याच ओळीत जाऊन बसल्या. गीत सुरू झालं. सासूबाईंनी सवयीने पुस्तक उजवीकडे सरकवलं, आणि उजवीकडे कोणी नव्हतं. "तेव्हा मला कळलं मी काय केलं ते," त्या म्हणाल्या. "प्रवचनाने कळलं नसतं." त्या तिथेच रडल्या. सगळ्यांना वाटलं, गीतामुळे भरून आलं.

माणूस एका रविवारी रडतो, पण जीभ काही एका रविवारी सुधारत नाही. सासूबाईंनी देवाकडे मदत मागितली आणि स्वतःच्या बाजूने पिनांची घेतली. केस बांधताना सगळ्याच कारागीर बाया चार पिना ओठांत धरतात, हाताशी असाव्यात म्हणून. सासूबाई केस कापतानाही धरू लागल्या. धुतानाही. कोणी मनातलं सांगायला लागलं की पिना ओठांत, आणि मनातल्या मनात त्या माणसाचं नाव देवापुढे. "ओठ बंद असले की देवाशी बरं बोलता येतं," असं त्यांचं म्हणणं. आरोग्याच्या दृष्टीने हे अजिबात बरं नाही, असं मी त्यांना पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. उत्तर तेच. हं.

ताज्या बातम्यांसाठी येणाऱ्या बाया हळूहळू दुसऱ्या दुकानात जाऊ लागल्या. प्रार्थनासभेत सासूबाईंची विनंती एवढीच असायची, "एक ओझं आहे. कोणाचं, ते देवाला ठाऊक आहे." बायका चिडायच्या. एवढ्यावर प्रार्थना करायची तरी कशी, निदान गल्ली तरी सांगा, म्हणायच्या. मधूनच घसरणंही व्हायचं. सासूबाईंच्या तोंडून कुणाची तरी गोष्ट निसटायची. मग त्या स्वतःच त्या बाईच्या घरी जायच्या, तिच्या कानावर दुसरीकडून येण्याआधी. "तुझं मी बोलून गेले, मला माफ कर." हे फार अवघड गेलं, असं त्या म्हणतात. जीभ ताळ्यावर आली ती त्या हेलपाट्यांमुळेच.

आणि एक गोष्ट त्यांनी कधी चुकवली नाही. आजींना चालवेनासं झालं, तशा त्या महिन्याच्या महिन्याला कात्री-कंगवा पिशवीत घालून हिरव्या दाराच्या घरी जायच्या आणि आजींचे केस कापून द्यायच्या. आजींनी कधीच माफ करून टाकलं होतं. बाई मात्र स्वयंपाकघरात उभ्या राहून भांडी आपटायच्या. सासूबाई केस झाडून घ्यायच्या, फरशी पुसायच्या आणि परत यायच्या. आजी गेल्या तेव्हा त्यांचे केस शेवटचे विंचरले तेही सासूबाईंनीच. त्या दिवशी बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. बोलल्या नाहीत, पण भांडीही वाजली नाहीत.

आता माझं. हे माझं आहे म्हणून मी सांगू शकते.

लग्नानंतर काही काळाने मला दिवस गेले आणि टिकले नाहीत. नवऱ्याखेरीज कोणाला कळलं नव्हतं. तो बिचारा माझ्यापुढे हसरा चेहरा ठेवायचा, आणि मला त्याचाच राग यायचा. एका दुपारी सासूबाई म्हणाल्या, "ये, तुझे केस धुवून देते." मी बेसिनला मान टेकली, कोमट पाणी डोक्यावर आलं आणि मी सगळं सांगून टाकलं. त्यांचे हात थांबले. मग पुन्हा सुरू झाले, पण इतके हळू की मी तान्हं मूल असावं. पिना ओठांतच होत्या. फक्त पाणी टपटपत होतं, आणि वरून आणखी एक थेंब माझ्या कपाळावर पडला, तो नळाचा नव्हता.

त्यानंतर त्यांनी कुठे ब्र काढला नाही. सासऱ्यांनासुद्धा ताकास तूर लागू दिली नाही. घरी आलेली एक चुलत सासू मला सगळ्यांसमोर विचारू लागली, की आता गोड बातमी कधी. सासूबाई मध्येच म्हणाल्या, "तुझे केस मागून फार वाढलेत, चल, आत्ताच कापते." आणि त्या बाईंना अक्षरशः दंडाला धरून खुर्चीत बसवलं. केस जरा जास्तच आखूड झाले, असं त्या चुलत सासू अजून म्हणतात. मी देवाचे आभार मानते, त्यात त्या कात्रीचेही मानते.

मागच्या वर्षी सासूबाईंनी सोमवारची दुपार दुकान बंद ठेवायला सुरुवात केली. का, विचारलं तर "बंद आहे" एवढंच. रस्त्याकडच्या खिडकीचा पडदा ओढलेला, आतलं दार लावलेलं. मजा म्हणजे ड्रायर मात्र आत घोंघावत असायचा. आम्हाला वाटलं, टॉवेल वाळवत असतील. सासरे म्हणायचे, मालकीणबाईंना आळस चढलाय. टॉवेल धुवून उन्हात वाळत घालायचं काम माझ्याकडे, मग हे घोंघावणं कशाला, म्हणून मीही बरीच कुरकुर केली.

मग परवाचा रविवार आला. आमच्याकडे प्रवचनाआधी ज्याला देवाचे आभार मानायचे असतील तो उभा राहून साक्ष देतो. गणिताच्या बाई उठल्या. पुष्कळ महिने त्या डोक्याला रुमाल बांधून येत होत्या. वयामुळे थंडी वाजत असेल, असं आम्ही समजत होतो. त्या पुढे गेल्या आणि त्यांनी रुमाल सोडला. आत बोटभर पांढरे केस होते, नवे, मऊ.

"मला कॅन्सर झाला होता," त्या म्हणाल्या. "उपचार संपले. डॉक्टरांनी परवा सांगितलं की आता काही उरलेलं नाही. मी देवाचे आभार मानते." सगळीकडे कुजबुज झाली. कोणालाच माहीत नव्हतं.

"इथल्या एकाच माणसाला माहीत होतं," बाई म्हणाल्या. "केस गळायला लागले तेव्हा मी तिच्या दुकानात गेले. इतक्या वर्षांनी. कारण एवढं कळल्यावरही गप्प बसेल असं दुसरं माणूस मला या गावात आठवेना." बाईंनी रुमालाची घडी घातली. "तिने माझं डोकं भादरलं. पुढे दर सोमवारी मी जायचे, नुसती खुर्चीत बसायला. माझ्या डोक्यावर एक केस नव्हता, तरी ती ड्रायर लावायची. म्हणजे मला मोठ्याने रडता यावं आणि आतल्या घरात ऐकू जाऊ नये."

त्या घोंघावण्याला मी नावं ठेवली होती. शेजारी सासरे चष्मा काढून पुसत बसले होते आणि तो काही पुसून होत नव्हता. सगळ्या माना आमच्या ओळीकडे वळल्या. मागून कोणीतरी हळूच म्हणालंही, "म्हणजे, रेडिओला माहीत होतं?" सासूबाई मांडीवरच्या हातांकडे बघत होत्या, चोरी पकडली गेल्यासारख्या.

बाई तिथून खाली उतरल्या, आमच्या ओळीत आल्या, मला जरा सरकायला लावलं आणि सासूबाईंच्या उजवीकडे बसल्या. "आता आभार तू मान," त्या म्हणाल्या. "मोठ्याने. आणि आज पत्त्यासकट सांग."

सासूबाई उभ्या राहिल्या. ओठ घट्ट मिटलेले, जणू पिना अजून तिथेच आहेत. चर्चचे पाळकसाहेबही घाई न करता थांबले. मग सासूबाईंनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. मैत्रिणीचं नाव घेतलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. गल्ली सांगितली. कोपरा सांगितला. हिरवं दार सांगितलं, दाराच्या रंगाचे पोपडे निघाल्याचंही सांगितलं, आणि आतल्या खाटेवरून देवाघरी गेलेल्या आजींचंही नाव घेतलं. प्रत्येक गोष्टीपुढे त्या देवाला धन्यवाद म्हणत होत्या, आणि थांबायचं काही नाव घेत नव्हत्या. बाई हसत होत्या आणि रडत होत्या.

"लागला बाई रेडिओ," सासरे माझ्या कानात म्हणाले, आणि त्यांनीही डोळे मिटले.

मग गीत सुरू झालं. सासूबाईंनी पुस्तक उजवीकडे सरकवलं.