वाकळीचा शेवटचा कोपरा

कौसाबाईंची आणि माझी पहिली भेट मुकुंदवाडी स्टेशनाजवळच्या त्यांच्या ओट्यावर झाली, आणि खरं सांगायचं तर मी तिथे त्यांची चूक काढायला थांबले होते. शाळेत गणित शिकवून मी नुकतीच निवृत्त झाले होते. दुसऱ्यांच्या चुकांभोवती लाल पेनाने गोल काढण्यात आयुष्य गेलेलं, सवय सुटत नव्हती. ओट्यावर एक तयार गोधडी पसरलेली दिसली आणि मला राहवलं नाही.

"अहो, ही तिसरी ओळ वाकडी गेली आहे."

कौसाबाईंनी शांतपणे पाहिलं. "व्हय, गेलीय. तिला तिकडंच जायचं आसंल. बसा बाई, चहा घ्या."

मी जी बसले ती आजतागायत उठलेली नाही.

मेंढरं राखणाऱ्या घरातली ही लेक लग्न होऊन या शहरात आली, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवू लागली आणि बघता बघता गल्लीतल्या आम्हा सगळ्या बायकांना शिवायला बसवून मोकळी झाली. कौसाबाई गोधडीला वाकळ म्हणतात, म्हणून आम्हीही वाकळच म्हणतो. आणि त्यांना आक्का. आज आक्कांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत.

त्यांची वाकळ तपासायची रीत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. तयार वाकळ जमिनीवर अंथरायची, डोळे मिटायचे आणि तिच्यावरून अनवाणी पाय फिरवायचा. गाठ टोचली किंवा सैल टाक्यात अंगठा अडकला, तर उसवायचं. नाहीतर राहू द्यायचं. "पांघरणारा डोळं मिटूनच निजतो की. त्येला टोचलं नाय म्हंजे झालं," असं त्या सांगतात.

मला ते पटायला फार दिवस लागले. माझ्या पहिल्या वाकळीत एक निळं ठिगळ तिरकं बसलं. मी ते चार वेळा उसवलं, चारही वेळा पुन्हा लावलं, शेवटी कापडाच्या दशा झाल्या. आक्कांनी माझ्या हातातून कात्री काढून घेतली. "तुमच्या समाधानापायी त्या फडक्याचा जीव घेता का, बाई?" मला त्यांचा चांगलाच राग आला होता, हेही इथे नोंदवून ठेवते.

पण म्हणून आक्कांचं काम ढिलं, असं कुणी समजू नये. एकदा शेजारच्या बाळंतिणीला दुपटं दिल्यावर त्यांना आठवलं, की एक गाठ आतल्या अंगाला घ्यायची राहिली. बाळंतीण सासरी निघालेली. आक्का रिक्षा करून बस स्टँडवर गेल्या, गाडीत चढल्या आणि तिच्या शेजारी बसून गाठ उसवू लागल्या. कंडक्टर ओरडला, "आजी, उतरा, गाडी सुटायलीय!" आक्का म्हणाल्या, "सुटू दे. लेकराच्या पाठीला टोचंल." टाका पुरा झाला तेव्हा गाडी क्रांती चौकात पोचली होती. तिथून परतल्यावर आम्हाला हा किस्सा त्यांनीच हसत हसत सांगितला.

वाकळीचा शेवटचा कोपरा बंद करण्याआधी आक्का त्यात नखाएवढा भाकरीचा तुकडा ठेवतात. वाकळीचं पोट उपाशी ठेवायचं नाही, हा त्यांच्या माहेरचा रिवाज. मुंग्या लागतील, असं मी अर्थातच म्हटलं. "लागू द्या. त्यांना बी पोट हाय."

माझे यजमान गेले त्यानंतर महिनाभर मी धड जेवत नव्हते. आक्कांनी यजमानांचे जुने शर्ट मागून नेले आणि वाकळ शिवून आणली, शेवटचा कोपरा मुद्दाम उघडा ठेवून. माझ्याच स्वयंपाकघरात त्यांनी भाकरी थापली, तुकडा कोपऱ्यात ठेवला, टाके घातले आणि उरलेली भाकरी माझ्यापुढे सरकवली. "वाकळ जेवली. आता तुमी जेवा." रडत रडत मी ती सगळी खाल्ली. ते उपकार मी विसरू शकत नाही.

आता कबुली देते. आजच्या दिवसासाठी आम्ही सहा जणींनी आक्कांपासून लपवून माझ्या घरी एक वाकळ शिवली. देखरेख अर्थातच माझी. शेवटचा कोपराही मीच हौसेने बंद केला. दुसऱ्या दिवशी सुईदोऱ्याची डबी उघडली तर कोपऱ्यासाठी काढून ठेवलेला भाकरीचा तुकडा तिच्यातच!

आमच्यातली द्वारका म्हणाली, "उसवा. उपाशी वाकळ आक्काला द्यायची व्हय?" शबाना म्हणाली, "अंदर का किसको दिखता? इत्ते बारीक टाके हैं, रहने दो नं बाई." टाके खरोखरच बारीक आणि सरळ होते; माझ्या हातून पुन्हा तसे पडतील याची खात्री नव्हती. मी डोळे मिटून पाय फिरवला. कुठेही काही टोचलं नाही. आक्कांच्या नियमाने वाकळ पास झाली होती. पण मला सारखी ती माझ्या घरातली भाकरी आठवत होती.

शेवटी मी कोपरा उसवला. पुन्हा शिवला मात्र नाही.

आक्का, तुमची नात हा लेख तुम्हाला वाचून दाखवील तेव्हा ती वाकळ तुमच्या मांडीवर असेल. तुमचे गुडघे आणि डोळे शाबूत राहोत, आणि शंभरीतही आमच्या वाकळींवरून तुमचा पाय असाच फिरत राहो. चुका आम्ही भरपूर करणार आहोत. कोपरा उघडा ठेवलाय. सुई दोरा ओवून तिथेच खोचलीय, आणि सकाळी थापलेली भाकरी माझ्या पिशवीत असेल. तुकडा तुमच्या हाताने ठेवा, टाके तुम्हीच घाला. वाकळ जेवली, की मग तुम्ही जेवा.