शालूच्या चुन्याच्या चौकटी

शालू गेल्याचा फोन आला तेव्हा मी ज्वारी पाखडत होते. पाखडतच राहिले... शालू माझी धाकटी जाऊ, मोताळ्याजवळच्या गावात शाळेत शिकवायची. दीड महिना झाला. रडून झालं, राग मात्र उतरत नाही.

शाळेत संगणक आले आणि थेट कुलपात गेले. पोरं बिघडवतील म्हणून किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. शालू भांडून थकली आणि मग तिनं पटांगणात चुन्यानं चौकटी आखल्या. एकानं डोळे बांधून मशीन व्हायचं, बाकीच्यांनी हुकूम द्यायचे. प्रोग्राम म्हणजे असे ओळीनं दिलेले हुकूमच, म्हणायची. मी तेव्हा मोठी शहाणी! संगणक खुर्चीत बसून शिकतात, असं तिला सुनावलं. मी स्वतः संगणकाला एकदाच हात लावला होता, तोही फडक्यानं पुसायला.

तिनं माझेच डोळे बांधले. "ताई, आता तुम्ही मशीन. सांगतलं तेच करा, डोकं चालवू नका."

"ते मले चांगलं जमते," मी म्हटलं.

भिंत लागेपर्यंत चाला, असा एका मुलीनं हुकूम सोडला. भिंतीआधी हात धुवायचा हौद होता. मी लुगड्यासकट आत. पोरं हसून लोळली. शालूनं शांतपणे विचारलं, चुकलं कोणाचं? ती मुलगी म्हणाली, "माह्यं, बाई. हौद आला तर काय करायचं, हे सांगतलंच नाही."

तपासणीच्या साहेबांना मात्र हा पोरखेळ वाटला. पोरं उन्हात नाचवता म्हणून वर्गासमोर तिला झापलं. तरी पुसलेल्या चौकटी ती पुन्हा आखायची. आणि शोकसभेत त्याच साहेबांनी तिच्या फोटोला हार घातला, तिची संगणकाची तळमळ सांगितली, तिच्या स्मरणार्थ पटांगणात फरशी बसवू म्हणाले. पाठीमागे संगणकांची खोली, कुलपासकट. मी उभी राहून विचारलं, किल्ली कुठाय?

"आजी, आज तो विषय नको," साहेब म्हणाले.

मग कधी हो? मी मेल्यावर?

फरशी बसली, चुना गेला. परवा भांडायलाच गेले होते. पाहते तर फरशीही चौकोनी, आणि मला हौदात पाडणारी तीच मुलगी ओढणी घेऊन उभी. मुख्याध्यापक दारातून ओरडले, नव्या फरशीवरून उतरा. मी ओढणी घेऊन डोळ्यांवर बांधली. म्हटलं, सांग वं पोरी.

तिनं मला खांद्यांना धरून दाराकडे वळवलं.

"सरांकडे चाला, आजी. मधात काही आलं तर वळसा घ्या. किल्ली हाती येईपर्यंत थांबू नका."

हुकूम पक्का होता. शालूनं त्यात चूक काढली नसती. मी निघाले.