मुनिमाच्या डब्यातली लायसन्सं

ती घटना आठवायला मला कागद चाळावे लागत नाहीत. अलीकडे वर्तमानपत्रांत वाचतो की, चालकाच्या लायसन्सवर चुकांचे गुण मांडायचे आणि ठरावीक गुण भरले की लायसन्स रद्द करायचे, म्हणजे अपघात कमी होतील. नवा शोध लागल्यासारखे लोक लिहितात. साठच्या दशकात मी पालघर ठाण्यात फौजदार होतो, तेव्हाही कोर्टात शिक्षा झाली की लायसन्सच्या बुकात तिची नोंद होत असे. आम्ही तिला शेरा म्हणायचो. त्या शेऱ्यांचे रस्त्यावर काय होते ते मी पाहिले आहे. त्यासाठी मला काय मोजावे लागले तेही सांगणार आहे.

तेव्हा तारापूरच्या किनाऱ्यावर मोठे बांधकाम सुरू झाले होते. बोईसर स्टेशनापासून समुद्राकडे जाणारा रस्ता टांग्यांचा आणि बैलगाड्यांचा. त्यावर खडीच्या ट्रकांची रांग लागली. जास्त खेपा करणाऱ्या ड्रायव्हरला शाबासकी मिळे, कमी करणाऱ्याला शिव्या. डोंगराकडच्या बाया गवताचे भारे डोक्यावर घेऊन याच रस्त्याने बोईसरला येत. भारा डोळ्यांवर उतरलेला असतो, मागचे-पुढचे दिसत नाही. बेटेगावच्या वळणावर एका सकाळी अशाच एका बाईला ट्रकने उडवले. ट्रक थांबला नाही. तिच्याबरोबर तिची जाऊ होती, ती भारा टाकून गटारात पडली म्हणून वाचली.

मी पंचनामा आटोपून दुपारी ठाण्यात परत आलो, तर आरोपी स्वतःच येऊन बाकावर बसलेला. पन्नाशीचा, सडपातळ, डोक्यावर एक केस नाही. धुतलेला सदरा, तोंडात पान. चिंचणीचा होता. ट्रकवाले त्याला उस्ताद म्हणत. शेजारी खडीच्या कंत्राटदाराचा, म्हणजे ट्रकांच्या मालकाचा मुनीम त्याचे लायसन्स रुमालात गुंडाळून बसला होता.

"गाडीवर मीच होतो, सायेब," उस्ताद म्हणाला. "माझ्याच हातून झालं. लिवून घ्या."

मुनीम हसून म्हणाला, "साहेब, माणूस आपणहून कबूल करतोय. तुमचं काम किती हलकं झालं बघा."

मला हलके झालेले काम आवडत नाही. माझी आई पालघरच्या बाजारात भाजी विकायची. तिच्या टोपलीशेजारी बसून मी एक गोष्ट शिकलो. न मागता कोणी भाव उतरवला, तर टोपली खालून बघावी. शिपाई म्हणून भरती होऊन फौजदार होईपर्यंत या शिकवणीने मला कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त उपयोग झाला. ज्याच्या गाडीखाली माणूस आले, तो पहिल्यांदा विचारतो, "जगेल ना?" उस्तादने ते विचारले नव्हते. मी जबाब लिहून घेतला, गुन्हा दाखल केला. जामिनाचा गुन्हा होता. मुनीम त्याला घेऊन गेला. लायसन्स मात्र मी ठेवून घेतले.

दुसऱ्या दिवशी बाई दवाखान्यात वारली. तिसऱ्या दिवशी तिची जाऊ आणि नवरा ठाण्याच्या पायरीवर येऊन बसले. जाऊ बोलली.

"सायेब, तुमी धरलाय तो टकला हाय म्हनतात."

"हो."

"मंग तो नाय. गाडीवाल्याच्या डोईवर ह्यो एवढा कोंबडा व्हता." तिने कपाळावर मूठ धरून दाखवली. "जवान मानूस. वलून आमच्याकडं बगला आनि गेला."

केसांचा कोंबडा काढायची तेव्हा तरुणांत फॅशन होती. पण कोर्टात तिचे किती चालणार? घाबरलेली, गटारात पडलेली, अंगठा उठवणारी बाई. समोर लेखी कबुली. वकिलाने तिला दोन मिनिटांत गप्प केले असते. मला कागद हवा होता.

कागद माझ्याच टेबलात होता. उस्तादचे लायसन्स मी काढले आणि पहिल्या पानापासून वाचले. शेऱ्यांनी बुक भरत आले होते. भरधाव वेग, जादा वजन, दिवे नाहीत, पुन्हा भरधाव वेग. बघणारा म्हणेल, काय नालायक ड्रायव्हर. मीही तेच म्हणालो असतो. पण दोन शेरे वेगवेगळ्या कोर्टांचे होते, एक पालघरचा आणि एक डहाणूचा, आणि दोन्ही गुन्ह्यांची तारीख एकच. मी डहाणूला माणूस पाठवून कागद मागवले. सकाळी नऊच्या सुमारास उस्ताद मनोरच्या नाक्यावर जादा वजनात पकडला गेला होता. त्याच सकाळी, त्याच सुमारास, डहाणूजवळ भरधाव वेगात पकडला गेला होता. ट्रकही वेगळे.

मी आमच्या वाहतूक हवालदाराला बोलावले. "गाडी अडवल्यावर तू लायसन्स बघतोस का?"

"साहेब, खडीवाल्यांकडं ते नसतंच. मुनिमाकडं असतं, म्हणतात. कायद्यानं दहा दिवसांत ठाण्यात आणून दाखवायची मुभा आहे. ते नाव सांगतात, आम्ही लिहितो."

"आणि दरवेळी उस्तादचंच नाव सांगतात."

हवालदार टोपीशी चाळा करू लागला. त्याला आत्ताच कळत होते की आपल्याला ते आधीच माहीत होते.

मी उस्तादला बोलावून घेतले. या खेपेला मुनीम नव्हता. मी लायसन्स त्याच्यापुढे टाकले.

"एका वेळी दोन ट्रक कसे चालवतोस ते मला शिकव."

तो हसला. "उगाच उस्ताद म्हनतात व्हय, सायेब?"

माझा राग माझ्या ताब्यात कधीच फार राहिला नाही. मी टेबलावर हात आपटला, दौत उलटली, शाई स्टेशन डायरीवर सांडली. उस्ताद जागचा हलला नाही. अशा आवाजाची त्याला सवय होती. मग मी खाली बसून शाई पुसता पुसता साध्या आवाजात म्हणालो, "बाई परवा वारली. मुनिमानं सांगितलं का तुला?"

त्याच्या तोंडातले पान थांबले.

"पाय मोडला म्हनाला. दंड होईल, कंपनी भरंल म्हनाला."

"दंड नाही. माणूस मेलं, आता तुरुंग. आणि लायसन्स गेलं ते गेलं."

त्याने पान खिडकीतून थुंकून टाकले. मग पायरीकडे बघून विचारले, "ते भाएर बसलेत ते तिचेच?"

"तिचा नवरा. कालपासून तिथंच आहे."

मग तो बोलू लागला. नोकरीला लागताना प्रत्येक ड्रायव्हरचे लायसन्स मुनीम काढून घेई आणि पत्र्याच्या डब्यात कुलूप लावून ठेवी, म्हणजे माणूस सोडून जाणार नाही. उस्तादचे बुक पहिल्या वर्षी त्याच्याच चुकीने दोनदा खराब झाले होते. तेव्हा मुनीम म्हणाला, तुझे खराब झालेच आहे, आता आणखी एकाने काय होते. तेव्हापासून कोणाचीही गाडी पकडली तरी कोर्टात उस्ताद उभा राही. बाकीच्यांची बुके कोरी राहत.

"मी नाय म्हनलो तर बुक मिलनार नाय. बुक नाय तर दुसरीकडं गाडी कोन देनार? सायेब, मला दुसरं काय येत नाय. घरचे समदे मासे धरतात, पन समिंद्राची मला भीती वाटते."

"गाडीवर कोण होतं?"

"मालकाचा पुतन्या."

पुतण्याला त्या सकाळी कोणी पैज लावायला लावले होते म्हणे, दुपारच्या आत किती खेपा होतात ते बघू.

आता मुनीम. त्याला पुतण्याबद्दल विचारले असते तर तो वकील घेऊन आला असता. घासाघीस करताना हवी असलेली वस्तू हातात धरायची नसते. मी विचारले, "मुनीमजी, तुमचे आज किती ट्रक रस्त्यावर आहेत?"

"का साहेब?"

"सगळे थांबवतोय. ज्याच्या खिशात लायसन्स नसेल त्याचा ट्रक ठाण्याच्या आवारात."

"दहा दिवसांची मुभा आहे, साहेब. कायदा आम्हालाही कळतो."

"लायसन्स दाखवायला मुभा आहे. ब्रेक, दिवे आणि वजन तपासायला मला मुभा लागत नाही. एकेक ट्रक नीट तपासतो. मला घाई नाही."

त्याने घड्याळ बघितले. तिकडे किनाऱ्यावर खडीची वाट बघत माणसे बसली असणार. थोड्या वेळाने तो डबा घेऊन आला. बिस्किटांचा, पत्र्याचा, वर कुलूप. आत लायसन्सं एकावर एक लावलेली. जवळजवळ सगळी कोरी. ज्यांच्या ट्रकांनी त्या वर्षी दोन टांगे मोडले, बैल मारले, ती सगळी माणसे कागदावर गाईसारखी गरीब. पुतण्याचे बुक तर दुमडलेही नव्हते.

"एकदम स्वच्छ आहे हो," मुनीम म्हणाला.

मी तो डबा ठाण्याच्या दारातून बाहेर भिरकावला. लायसन्सं आवारात विखुरली. तेव्हा तिथे गावातली दोन प्रतिष्ठित माणसे दुसऱ्या कामासाठी बसली होती. त्यांनी ते पाहिले. पुढे मला ते महागात पडले. डबा फेकला हे मी तेव्हाही नाकारले नाही. मुनिमाने मात्र, ट्रक अडकून राहतील या भीतीने, त्याच दुपारी खरा जबाब दिला.

पुतण्याला आणले तर त्याने डोक्याचा तुळतुळीत गोटा केलेला. कोंबड्याची गोष्ट त्याच्या कानावर गेली होती.

"घरात कोण वारलं?" मी विचारले.

तो गोंधळला. आपल्याकडे तरुण माणूस उगाच मुंडन करत नाही. त्याला कोणाचेही नाव सांगता येईना. बाप, काका, सगळे धडधाकट.

ओळख परेडला मी मुद्दाम सात टकले उभे केले. एक उस्तादही होता. मृत बाईची जाऊ रांगेवरून एकदा गेली, परत फिरली आणि पुतण्यासमोर थांबली. "ह्यो. केस नाय तं नाय. मेल्यानं तवा बी असंच बगलं व्हतं."

शिक्षा झाली. तिच्या नवऱ्याला ती पुरेशी वाटली नाही, मलाही नाही. पुतण्याच्या कोऱ्या बुकात पहिला शेरा पडला. मी वर अहवाल पाठवला. लायसन्स चालकाच्या अंगावरच असले पाहिजे, दहा दिवसांची मुभा बंद करावी, आणि शेरा पडेल तो ट्रकच्या मालकाच्या नावापुढेही पडावा. अहवालाला उत्तर आले नाही. उत्तर आले ते डब्याबद्दल. प्रतिष्ठित व्यक्तींसमोर उद्धट वर्तन, असा शेरा माझ्या सेवापुस्तकात लिहिला गेला. बढतीच्या यादीत माझ्यामागून भरती झालेले पुढे गेले. मी अर्ज केले, भांडलो, एक ओळही पुसून मिळाली नाही.

उस्तादने त्याचे बुक माझ्याकडून हातात घेतले आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवले. दुसऱ्याकडे ट्रकवर लागला. त्या काळच्या कायद्यात एक सोय होती. सलग तीन वर्षे नवा शेरा पडला नाही, तर जुने बुक जमा करून कोरे मागता येई. तीन वर्षांनी एका सकाळी तो ठाण्यात आला. बोंबलांची जुडी आणली होती, ती मी परत केली. मग त्याने नवे बुक काढून माझ्यापुढे उघडले. पाने कोरी होती.

"बगा सायेब. ह्यातलं समदं माझं हाय."

"काय समदं? त्यात काहीच नाही."

"तेच तं." तो हसला. "तुमचं कवा व्हनार कोरं?"

त्याला माझ्या शेऱ्याची गोष्ट कोणीतरी सांगितली होती. "आमच्या बुकाला तशी सोय नाही," मी म्हणालो.

"मंग डबा कशाला फेकला?"

मी त्याला चहा मागवला.

गुणांची पद्धत येऊ द्या. माझा तिला विरोध नाही. त्या उस्तादने शेरा पडेल या भीतीने तीन वर्षे वळणावर गाडी हळू घेतली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण ती भीती त्याला वाटली ती बुक त्याच्या खिशात आल्यावर. ते मुनिमाच्या डब्यात होते, तोवर शेऱ्यामागून शेरा पडला आणि रस्त्यावर एकही ट्रक हळू झाला नाही. म्हणून गुण मांडणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे: गाडी अडवाल तिथेच बुक मागा, आणि त्यातला चेहरा समोरच्या चेहऱ्याशी ताडून बघा. ते डब्यात आहे असे कोणी म्हणाला, तर डबा मागवा. फेकायचा की नाही, ते ज्याने त्याने आपली बढती बघून ठरवावे. मी पुन्हा फेकेन.