साबण चाखणारे काका

साबणाच्या कारखान्यात काकांना कुणी नावाने हाक मारत नसे. मालकिणीपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांचे ते काकाच. काम एकच, पण मानाचं: कढईतला साबण तयार झाला की नाही ते सांगायचं. आणि सांगायचं कसं, तर चाखून. थंड केलेला तुकडा जिभेच्या टोकाला लावायचा. जीभ झणझणली तर कॉस्टिक सोडा अजून शिल्लक आहे, कढई आणखी शिजू द्यायची. नाही झणझणली तर ओता साच्यात. एकतीस वर्षं कारखाना त्या जिभेच्या भरवशावर चालला होता.

कॉस्टिक मोठं लबाड. अंगावर उडालं की आधी नुसतं बुळबुळीत लागतं. आग व्हायला लागेपर्यंत आत शिरलेलं असतं. काकांच्या मनगटावर त्याचा जुना डाग होता. तो नव्या माणसांना दाखवून ते बजावत, "पाणी, पाणी आणि पाणी! घड्याळ लावून ओता." हातमोजे आणि चष्म्याच्या बाबतीत तर ते कुणाची गय करत नसत. जिभेचीही काळजी घ्यावी, हे मात्र या शहाण्या माणसाच्या डोक्यात कधी आलं नाही. मालकिणीने कॉस्टिक तपासायला रंग बदलणाऱ्या कागदाच्या पट्ट्या आणल्या, तेव्हा त्यांनी नाक मुरडलं होतं. "कागदाला काय कळतंय?"

घरी साबण कारखान्यातलाच यायचा. एका संध्याकाळी काकू जेवायला वाढत होत्या, तेव्हा काकांना त्यांचे हात दिसले. बेचक्या लालभडक, बोटांची सालं निघालेली.

"हे काय गं?"

"परवा नवी वडी आणलीत ना? तिने कपडे धुतले."

काका तसेच उठले, वडी ओली करून जिभेला लावली. काही नाही. दाबून धरली. काहीच नाही.

सकाळी कारखान्यात त्यांनी गुपचूप एक पट्टी त्या वडीवर टेकवली. पट्टी गडद जांभळी झाली, म्हणजे कॉस्टिक भरपूर शिल्लक. त्याच कढईचे खोके टेम्पोत चढत होते आणि निम्मे प्रसूतिगृहात जायचे होते. साचेवाल्यावर ढकलता आलं असतं. क्षणभर तसं मनात आलंही, आणि त्याची त्यांना फार लाज वाटली.

"उतरवा सगळे," ते भर अंगणात म्हणाले. "साबण कच्चा आहे. मीच पास केला. माझी जीभ मेलीय."

मालकिणीने खाली मान घालून खोके मोजायला घेतले.

त्या दिवशी घरी काकूंनी नेहमीसारखं विचारलं, "भाजी कशी झालीय?"

रोज ते म्हणत, "फक्कड!" आज म्हणाले, "कळत नाही."

"ठाऊक आहे मला," काकू म्हणाल्या. "मागच्या थंडीत तीन दिवस मीठच घातलं नव्हतं. तिन्ही दिवस तुम्ही फक्कड म्हणालात."

"मग बोलली का नाहीस?"

"त्या जिभेवर तुमचा सगळा मान होता. म्हटलं, घरातलं घरात राहील."

काकांनी काकूंचे सोललेले हात अलगद हातात घेतले.

"राहिलं नाही गं," ते म्हणाले.