दुसरबीडला ठेवलेलं गाठोडं

आधीच सांगून ठेवते: मी मुहूर्त मानत नाही. तेव्हा मानत नव्हते, आजही मानत नाही. पुढचं वाचून ज्याला "आली ना शेवटी ताळ्यावर" असं म्हणायचं असेल, त्यानं इथंच थांबावं.

आम्ही डोणगाव सोडलं त्या दिवसाची ही हकिगत आहे. आम्ही म्हणजे आई, बाबा आणि मी. आई उपकेंद्रात कंत्राटी नर्स होती, अकरा वर्षं. दर अकरा महिन्यांनी तिला एक दिवस घरी बसवायचे आणि दुसऱ्या दिवशी नव्या करारावर सही घ्यायचे, म्हणजे नोकरी सलग दिसू नये. गावातली बाळंतपणं मात्र सलग चालू होती. त्यांना खंड द्यायचं कोणाला सुचलं नाही.

मग एक परीक्षा, एक यादी आणि बरीच वाट पाहणं झाल्यावर तिचा नेमणुकीचा आदेश आला. त्यात 'नियमित' असा शब्द होता. आईनं तो चष्मा पुसून दोनदा वाचला. ठिकाण कोकणात, समुद्राजवळ. आमच्यापैकी कोणीही समुद्र पाहिलेला नव्हता. आदेशात खाली आणखी एक ओळ होती: ठरल्या तारखेपर्यंत मूळ कागदपत्रांसह हजर न झाल्यास नेमणूक रद्द, आणि प्रतीक्षायादीतल्या पुढच्या उमेदवाराला संधी. अकरा वर्षं थांबवून ठेवणाऱ्यांना आता एक दिवसाचा धीर नव्हता. ती तारीख आमच्या निघण्याच्या दुसऱ्याच दिवसाची होती. पहिल्या दिवशी नगर गाठायचं, दुसऱ्या दिवशी कार्यालय बंद व्हायच्या आत कोकण.

बाबांचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. ते त्यांनी बंद केलं. "बायकोच्या नोकरीमागं चालला काय बे?" हे टपरीवर इतक्या वेळा विचारून झालं की शेवटी बाबा म्हणायला लागले, "हाव. तुह्या बायकोले लागली तं तूही ये." मला बाबांचा इतका अभिमान वाटला की बाजारात मी वाटते तसलं एक पत्रक त्यावर काढणार होते. तेवढ्यात त्यांनी पंचांग काढलं.

निघायचा दिवस वर्ज्य निघाला. तारीख बदलता येत नव्हती. मग बाबांनी त्यांच्या लहानपणचा तोडगा काढला: प्रस्थान. चांगल्या दिवशी, प्रवासाला निघणाऱ्याची एखादी वस्तू हळद-सुपारी-तांदळासोबत कापडात बांधायची आणि आपल्या वाटेवरच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे त्या दिवशीच निघालो असं धरतात. नंतर खरं निघालो की ते गाठोडं उचलायचं आणि पुढं जायचं.

"बाबा, हे तं मस्टरवर खोटी सही केल्यासारखं झालं," मी म्हणाले.

"असू दे खोटी. तुह्या आईची नोकरी खरी हाय नं?"

दोनच महिन्यांपूर्वी मी डोणगावच्या बाजारात 'मुहूर्त कोणाच्या सोयीचा?' हे पत्रक हातोहात वाटलं होतं, आणि आमच्याच घरून गाठोडं निघालं! निघायच्या तीन दिवस आधी बाबा एसटीच्या लाल गाडीनं दुसरबीडला गेले आणि ते आईच्या मैत्रिणीकडे ठेवून आले. ही मैत्रीण आईच्या नर्सिंगच्या शिक्षणातली, एका खोलीत राहिलेली; मी तिला मावशी म्हणते. तीही कंत्राटी नर्स, आईपेक्षा तीन वर्षं जुनी. परीक्षेत तिचे थोडे गुण कमी पडले आणि यादी तिच्या वर संपली.

निघालो तेव्हा सकाळचे सात वाजले होते. सामानाची पिकअप आदल्या दिवशीच पुढं गेली होती. आमच्या जुन्या पांढऱ्या गाडीत आम्ही तिघं, आणि टपावर निळ्या ताडपत्रीत बांधलेलं बाबांचं वायंडिंगचं मशीन. ते त्यांनी पिकअपवाल्याच्या हाती द्यायला साफ नकार दिला होता. गाडी मी चालवत होते. आईनं उपकेंद्रातली शेवटची रात्रपाळी करून आंघोळ केली होती आणि मागच्या सीटवर बसल्या बसल्या झोपली होती.

मेहकरला मी जुना रस्ता सोडून समृद्धी महामार्गावर चढले.

"दुसरबीडले जायचं हाय," बाबा म्हणाले.

"हा रस्ता जलद हाय."

"नऊ वाजता येतो म्हणून सांगतलं मी त्यायले."

"बाबा, आई महामार्गानं गेली तरच वेळेत रुजू होईल. सुपारीनं होणार नाही."

बाबा भांडत नाहीत, गप्प होतात; भांडणाऱ्या माणसाशी मला जमतं, गप्प माणसाशी नाही. दोन्ही बाजूंना हरभरा सोंगून मोकळी झालेली वावरं होती. दुसरबीडला उतरायची पाटी आली. बाबांनी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा काचेतून समोर. मी वेग कमी केला नाही. खरं सांगायचं तर मला जिंकल्यासारखं वाटलं.

आई जागी झाली तेव्हा दुसरबीड बरंच मागं पडलं होतं.

"दुसरबीड झालं काय? मले उठवलं काऊन नाई? मले भेटायचं होतं तिले."

"थांबलोच नाई," बाबा म्हणाले.

"मी थांबवली नाही गाडी," मी म्हणाले. कबूल करायची वेळ आली की मी कबूल करते. "त्या गाठोड्यासाठी मी थांबणार नव्हते."

आई पुढं सरकून आमच्या दोन सीटांच्या मध्ये आली. "अवं, फाईल हाय त्यात."

"कोणती फाईल?"

"माही. आदेश, सर्टिफिकिटं, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. सगळे मूळ कागद. साडीच्या घडीत घातली मी."

बाबांनी मागं तोंड वळवलं. त्यांनाही माहीत नव्हतं; त्यांनी फक्त हळद-सुपारीची पुडी करून दिली होती, गाठोडं आईनं बांधलं होतं आणि ते उघडून न पाहता त्यांनी नेलं होतं.

"गाठोड्यात काऊन?" मी जवळजवळ ओरडलेच. "एवढे महत्त्वाचे कागद कोणी हळदकुंकवात ठेवते काय?"

"मंग कुठी ठेवू? घरात पसारा. पिकअपवाले दिसल ते उचलतील, हे ठाऊक होतं मले. पाह्यलं नं? माहा चष्मासुद्धा भांड्याच्या खोक्यात गेला. प्रस्थानाच्या गाठोड्याले कोणी हात लावत नाही. घरात तेवढीच एक जागा होती जिथून काही हरवणार नाही."

बाजारात मला शंभर माणसांनी प्रश्न विचारले असतील, हा कोणी विचारला नव्हता.

गाडी लगेच वळवावी असं वाटलं. पण समृद्धीवर वळता येत नाही. मधे भिंत, कडेला कुंपण, आणि चूक कळली तरी खाली उतरायचा पुढचा रस्ता येईपर्यंत ती त्याच वेगानं पुढं नेत राहायची. सिंदखेड राजाला खाली उतरले आणि जुन्या रस्त्यानं उलटी निघाले. आई मावशीला फोन लावत होती. रिंग जात होती, कोणी उचलत नव्हतं. पाचव्यांदा फोन ठेवून ती म्हणाली, "गावाले गेली असंल तं?" मग फोन मांडीवर पालथा ठेवून ती काचेबाहेर पाहत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसरबीडच्या थांब्यावर एक बाई उभी राहून हात दाखवत होती. डोक्यावरून पदर, हात उंच, अगदी रस्त्यात येऊन.

"कोणी थांबवून राह्यलं," बाबा म्हणाले.

"लिफ्ट पाहिजे असंल. आता वेळ नाई."

आणि मी तिला ओलांडून गेले.

मावशीचं घर गावात आतल्या बाजूला. गच्चीवर पंचरंगी झेंडा, अंगणात धुणं, आणि दाराला कुलूप. आईनं पुन्हा फोन लावला. तो त्या कुलपाआड वाजत होता. आम्ही तिघं बंद दारासमोर उभं राहून ऐकत होतो. बाबांनी कुलूप धरून पाहिलं, जणू त्यांच्या हातानं ते उघडेल.

शेजारच्या आजींनी कुंपणावरून विचारलं, "कोण पाह्यजे?"

आईनं सांगितलं.

"ते तं सकाळीच थांब्यावर गेली. बोचकं घेऊन. म्हणे, पाहुणे घाईत हायेत, गावात काऊन येतील, मीच देते रस्त्यावर. ड्युटीवरून सुट्टी टाकली तिनं."

मी गाडीत बसले. थांब्यापर्यंतचा रस्ता दोन मिनिटांचा होता. तेवढ्यात मला माझंच एक पत्रक आठवलं, संध्याकाळी रस्त्यात अडकलेल्या नोकरदार बायकांवरचं. शीर्षक होतं 'बाईचा हात दिसला की थांबा'.

मावशी थांब्याच्या ओट्यावर बसली होती. मांडीवर गाठोडं, त्यावर दोन्ही हात.

"अवं, काय पोरगी हाय का काय तू!" गाडी नीट थांबायच्या आधीच ती सुरू झाली. "साडेआठपासून बसली मी. जे पांढरी गाडी दिसली तिले हात दाखवला. दोन तं थांबल्या बिचाऱ्या, म्हणे कुठी सोडू मावशी? अन् आपली गाडी आली, निळी ताडपत्री पाह्यली मी, तं भर्रकन निघून गेली! पत्रकं तं लय छापतेस."

"चुकलं मावशी."

"चुकलं नाही, सुटलं. बस सुटते तसं."

आईनं तिला मिठी मारली नाही; तिनं आधी गाठोड्याची गाठ सोडली. साडी, तिच्या घडीत फाईल. आदेश, गुणपत्रिका, नोंदणी. आई एकेक कागद बोटानं मोजत गेली आणि शेवटचा आला तेव्हा खाली ओट्यावरच बसली. मग तिनं मावशीचा हात धरला.

फाईल स्वच्छ प्लास्टिकमध्ये होती. "मीच घातली," मावशी म्हणाली. "हळद लागली असती नं सर्टिफिकिटाले. तुमचं गाठोडं उघडलं मी भाऊजी, पाप लागलं तं मले लागो."

सुपारी आणि हळद वेगळ्या पुडीत होती. पुडीचा कागद ओळखीचा वाटला. 'मुहूर्त कोणाच्या सोयीचा?' ठळक अक्षरात, माझंच. मी बाबांकडे पाहिलं.

"घरात दुसरा कागद नव्हता," ते म्हणाले. "तुहे गठ्ठेच गठ्ठे."

मावशी इतकी हसली की बसची वाट पाहणारी माणसं वळून पाहू लागली. मग डोळे पुसत बाबांना म्हणाली, "भाऊजी, तुमच्या लग्नात तुमच्या आईनं मले वेगळा पेला दिला होता. आठवते? अन् आता तुमच्या घरचा मुहूर्त तीन दिवस माह्या कपाटात राह्यला."

बाबा खाली पाहत म्हणाले, "आठवते. तेव्हा मी काही बोललो नाही."

"नाही बोलले."

"बोलायले पाह्यजे होतं."

मी या विषयावर चार पत्रकं लिहिली आहेत आणि प्रत्येकात उद्गारचिन्हं आहेत. बाबांनी दोन ओळींत जे केलं ते मला चारांत जमलं नव्हतं. मावशीनं थर्मास उघडला आणि झाकणात चहा ओतून बाबांपुढं धरला. बाबांनी घेतला, संपवला आणि आणखी मागितला.

आई गाठोडं पुन्हा बांधायला लागली तेव्हा मावशीनं तिला थांबवलं. तिला आदेश पाहायचा होता. तिनं तो धरला, 'नियमित' या शब्दाखाली अंगठा ठेवला आणि वाचला. चौदा वर्षं तिनं अशाच सह्या केल्या होत्या, एक दिवस घरी बसून. मला बोलायचं होतं, बरंच. पण तिच्या चेहऱ्यावर रडणं नव्हतं. ती दुकानात कापड पाहावं तशी आदेश पाहत होती, मापात बसतं का ते बघत.

मग तिनं पिशवीतून एक कागद काढला, चार घड्यांचा. तिच्या नोंदणीच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स.

"हे ठेव त्यात."

"तू मानते काय हे?" आईनं विचारलं.

"मी कशाले मानू? आम्ही बौद्ध माणसं." तिनं घडी आणखी बारीक केली. "पण मी पुन्हा परीक्षा देऊन राह्यली, या उन्हाळ्यात. निघाली असं समज. जागा हाय नं त्यात?"

आईनं झेरॉक्स साडीच्या घडीत, आपल्या फाईलच्या वर ठेवली. गाठ मी बांधली. मी मुहूर्त मानत नाही, पण गाठ घट्ट बांधली, कारण आता त्यात दोघींचे कागद होते.

"आता काय करायचं, बाबा?" मी विचारलं. "मागं वळून पाहायचं नसते, उजवा पाय आधी, काही असंल तं सांगा."

बाबांनी घड्याळ पाहिलं. "समृद्धीनं घे," ते म्हणाले. "लय वेळ गेला."

मावशी ओट्यावर उभी राहून पुन्हा हात दाखवत होती, या वेळी निरोपाचा. आरशात ती दिसेनाशी होईपर्यंत मी गाडी हळूच ठेवली. गाठोडं आईच्या मांडीवर होतं. आम्ही समृद्धीवर चढलो, सिंदखेड राजाची पाटी त्या दिवशी दुसऱ्यांदा आली, आणि या वेळी आम्ही उतरलो नाही.