जित्या माणसाचं नाटक

नागम्माक्काला कुठल्याही नाटकाचं नाव सांगितलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "लिव्हणारा जिता हाय का?" नाही म्हटलं की ती सूप उचलून पुन्हा ज्वारी पाखडायला लागायची. हो म्हटलं की सूप बाजूला ठेवायची, पदराला हात पुसायची आणि म्हणायची, "मग सांग. काय लिव्हलंय त्यानं?"

आमची ओळख भांडणातून झाली. निजामाचं राज्य होतं. सरकारी शाळेत सगळं उर्दूत चाले, म्हणून आमच्या चिटगुप्पा गावातल्या काही व्यापाऱ्यांनी खाजगी मराठी वर्ग काढला होता आणि मी तिथं शिकवत होतो. आमचं एक नाट्यमंडळही होतं. दर जत्रेला आम्ही नाटक करायचो आणि दर जत्रेला तेच करायचो: नवऱ्यानं टाकलेल्या एका पतिव्रता राणीचं. राणी मी व्हायचो. तालीम मठाच्या पटांगणात चाले. पटांगणाच्या भिंतीपलीकडं विरूपाक्षप्पा कापडवाल्यांचं परसदार होतं.

एका संध्याकाळी मी राणीचा विलाप करत होतो. पलीकडून खणखणीत आवाज आला, "ए राणी, किती वर्सं रडायलीस? नवऱ्याला येकदा इचार की, कामून सोडलंस म्हणून!"

सगळी मंडळी हसली. मी संतापून डोक्यावरचा पदर सावरत भिंतीपाशी गेलो. पलीकडं विरूपाक्षप्पांची बायको नागम्माक्का उभी होती. पस्तिशीची असेल. कपाळावर विभूती, कमरेला पदर खोचलेला.

"नाटकात तसं लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

"मग ज्यात लिव्हलंय ते नाटक करा," ती म्हणाली आणि भिंतीवरून तिनं नाटकाचं एक नवंकोरं पुस्तक माझ्या हातात दिलं.

अक्काचं माहेर सोलापूरचं. तिचे वडील तिथल्या एका नाटकगृहाला गॅसबत्त्या पुरवायचे, त्यामुळं लहानपणी तिनं विंगेत बसून नाटकं पाहिली होती. लग्न होऊन आली ती अशा गावात, जिथं बायकांना नाटक बांबूच्या तट्ट्याआडून पाहावं लागे. पण तिचा भाऊ सोलापुरात होता. दुकानासाठी कापडाचे गठ्ठे यायचे, त्यांत तो नुकतंच छापलेलं एखादं नाटक घालून पाठवायचा. अक्का ते वाचायची आणि मग गावभर त्याची शिफारस करत सुटायची. खण घ्यायला आलेल्या बाईला, पाटलाला, मठातल्या स्वामींनाही. "मेलेल्या माणसानं चांगलं लिव्हलं असंल, मी न्हाई म्हणत न्हाई," ती म्हणायची. "पर त्यानं आपलं गाव बघितलं न्हाई. आपुन आज काय करायलाव ते त्याला कसं कळावं?"

लोक तिला हसायचे. मला आज त्या हसणाऱ्यांचा राग येतो, कारण त्यांतल्या एकानंही तिनं दिलेलं पुस्तक उघडून पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी तिनं मला दिलेलं नाटक मी एका बैठकीत वाचलं. सोळा वर्षांची एक मुलगी, पन्नाशीचा श्रीमंत बिजवर. बाप लग्न ठरवतो आणि तिसऱ्या अंकात मुलगी मांडवात उभी राहून सांगते, मला हे लग्न मान्य नाही. इतकंच. पण माणसं आमच्यासारखं बोलत होती. मी मंडळात हट्ट धरला आणि जत्रेसाठी ते नाटक ठरलं.

ठरलं ते दोनच दिवस टिकलं. जत्रेचे प्रमुख होते महादप्पा सावकार. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी ठाणाकुशनूरच्या एका शेतकऱ्याची मुलगी, गौरा, तिसरी बायको म्हणून आणली होती. गौरा तेव्हा पंधरा वर्षांची होती. सावकारांनी नाटकाची गोष्ट ऐकली आणि तडक विरूपाक्षप्पांच्या दुकानात आले. मी तिथंच होतो.

"ह्या लिव्हणाऱ्याला माझं कुणी सांगितलं?" सावकार ओरडले. "तो मला वळखतो का?"

अक्का आतून दारात आली. "न्हाई वळखत, सावकार. त्यानं तुमाला बघितलं बी न्हाई. तरीबी तुमचंच लिव्हलंय. म्हणून तर म्हणायलेय, हे नाटक करा."

सावकार अमिनाकडं गेले. अमीन म्हणजे आमचा पोलीस अधिकारी. त्याच्या परवानगीवाचून गावात तंबूसुद्धा उभारता येत नसे. नाटक सरकारविरुद्ध आहे, अशी तक्रार झाली. आम्हाला ठाण्यावर बोलावलं. मी तिन्ही अंक त्याला दखनी उर्दूत समजावून सांगितले. अमीन शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "इसमें सरकार के खिलाफ क्या बी नै, मास्टर. मगर सावकार नाराज हैं. नक्को."

मी हे अक्काला सांगितलं तेव्हा ती चवताळली. "सरकारला चालतंय आन् सावकाराला चालत न्हाई! मग राज कुणाचं हाय म्हणायचं?" त्या वर्षी जत्रेत पुन्हा राणी रडली. मी ती भूमिका करायला नकार दिला. माझ्या जागी दुसरा उभा राहिला, लोकांच्या लक्षातही आलं नाही.

अक्का मात्र थांबली नाही. दुपारी पुरुष बाजारात गेले की तिच्या अंगणात शेवया करायला बायका जमायच्या. तिथं ती ते नाटक मोठ्यानं वाचू लागली. मग एकीनं बापाचं बोलणं घेतलं, दुसरीनं नवरदेवाचं. नवरदेव करणारी बाई म्हातारा खोकला काढायची तेव्हा हसण्याचा आवाज मठापर्यंत यायचा. गौराही शेवया करायला येई. तिला अक्षरओळख नव्हती. ती कोपऱ्यात बसून ऐकायची. अक्कानं तिला एकदाही मुलीचं काम करायला सांगितलं नाही. मी कारण विचारलं तर म्हणाली, "तिला काय करायचं ते ती ठरवंल. मी सावकार न्हाई."

श्रावणात पंचमीला गौरा माहेरी कुशनूरला गेली. आठवडाभरानं सावकारांनी गाडी पाठवली ती रिकामी परत आली. गाडीवानानं बाजारात सगळ्यांना सांगितलं: पोरगी उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "मी आई-बापाच्या पोटाला भार न्हाई, रानात राबून खाईन. त्या घरी मला माझं नाव घेऊन कुणी हाक बी मारत न्हाई. मी येत न्हाई." बापानं मारलं, तरी उंबरा सोडला नाही.

मठात पंचायत बसली. बोलावणं विरूपाक्षप्पांना होतं, पण अक्का त्यांच्याबरोबर गेली आणि बायका जिथं थांबतात तिथं न थांबता पुढं येऊन उभी राहिली.

"तू त्या पोरीला नाटकातलं बोलणं शिकवलंस," सावकार म्हणाले. "बिघडवलंस तिला."

"ते बोलणं नाटकात न्हाई," अक्का म्हणाली. "मला अख्खं नाटक पाठ हाय, म्हणून दाखवते पायजे तर. त्यातली पोरगी मांडवात बोलते, हिच्यागत उंबऱ्यात न्हाई. हे गौरानं सोता केलंय. तिच्या बोलण्यावर तिचाच हक हाय, त्याला माझं नाव लावू नका."

मी उठलो आणि म्हणालो, की पंधरा वर्षांच्या मुलीला आणणाऱ्याला कुणी काही विचारत नाही आणि पुस्तक वाचणाऱ्या बाईला पंचायत? तर एका पंचानं मला खाली बसायला सांगितलं. म्हणाला, "लुगडं नेसून नाचणाऱ्यानं पंचायतीत बोलू न्हाई." पुन्हा हशा पिकला. राणीच्या दुःखावर दरवर्षी डोळे पुसणारी हीच माणसं. खोट्या बाईसाठी त्यांच्याकडं एवढं पाणी होतं आणि खऱ्या पोरीसाठी थेंबही नव्हता.

निर्णय झाला: विरूपाक्षप्पांच्या दुकानातून कुणी कापड घ्यायचं नाही. बायकोला माफी मागायला लावली तर विचार करू. विरूपाक्षप्पा अबोल माणूस. त्यांनी अक्काकडं पाहिलं. ती कानडीत एवढंच म्हणाली, "बेड." नको. त्यांनी पंचांना नमस्कार केला आणि म्हणाले, "दुकान सोलापुरात बी मांडता येतंय." महिन्याभरात त्यांनी घर रिकामं केलं.

काही वर्षांनी सावकार वारले, अमीन बदलला. नवा अमीन नाटकाचा शौकीन होता. आम्ही ते नाटक केलं. कुशनूरहून गौरा आली होती. बापाचं रान आता तीच पाहत होती. लोकांना नाटक इतकं आवडलं, की पुढच्या दोन जत्रांनाही तेच झालं. मी हे सांगायला मुद्दाम सोलापूरला गेलो.

अक्का खाटेवर होती. दम्यानं खंगलेली. मला वाटलं, ऐकून तिचे डोळे भरून येतील.

"तीन जत्रा?" ती म्हणाली. "तेच?"

"व्हय, अक्का."

ती उठून बसली. "कामून? ह्या सगळ्या वर्सांत दुसऱ्या कुणी काय लिव्हलंच न्हाई? का तुमी वाचलं न्हाई?"

"लोकांना आवडतंय, अक्का."

"लोकास्नी राणी बी आवडत हुती!" तिला धाप लागली, पण थांबली नाही. "त्या नाटकानं त्याचं काम केलं. गौरा सुटली. आता दुसऱ्या पोरी असतील, दुसरे सावकार असतील. त्यांचं कोण लिव्हायलंय ते हुडक. इतक्या लांब येऊन मला काय सांगायलास, तर टाळ्या!"

मग तिनं उशाशी असलेल्या तीन नव्या नाटकांची नावं आणि त्यांतलं बरंवाईट मला सांगितलं. माझ्या घरचं काही विचारायला ती विसरलीच.

पुढं निजामाच्या राज्याच्या सरहद्दीवर दंगल माजली, सोलापूरला जाणंयेणं बंद पडलं. अक्का गेल्याची बातमी आमच्यापर्यंत फार उशिरा आली. निजामाचं राज्य संपल्यावर मंडळाची बैठक भरली. आता परवानगी कुणाची मागायची नव्हती. अध्यक्षांनी गळा दाटून आणून भाषण केलं. ज्या बाईला गावानं हाकललं ती आता गावचं भूषण झाली होती. तिच्या स्मृतीसाठी येत्या जत्रेला तिचं आवडतं नाटक करावं, असा ठराव त्यांनी मांडला. ठराव मांडणारा तोच, मला पंचायतीत खाली बसवणारा.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "बेड."

बराच आरडाओरडा झाला. मला कृतघ्न म्हणण्यात आलं. बहुतेक जण उठून गेले. उरलो ते चौघं-पाच जण. मी पिशवीतून एक नवं नाटक काढलं आणि वाचायला लागलो. पहिला अंक संपला तेव्हा बाहेर अजून उजेड होता, आणि त्यातल्या सुनेनं केलं ते बरोबर की चूक, यावरून आमच्यात कडाक्याचं भांडण जुंपलं होतं.